बिस्मिल्लाखालाची वांझ फुलं

बिस्मिल्लाखाला आमच्या शेजारीण. बाभुळगावात कोहळं, म्हणजे लाल भोपळा, म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. लाल, पिठूळ, साखर न घालता गोड. बी त्यांच्या आईकडून आलेलं, दरवर्षी राखेत घोळवून जपलेलं. गुलाबी बोंडअळीच्या त्या साली उंदरांनी बियांचं गाडगं साफ केलं आणि चार बिया उरल्या. चारही खालांनी परसात लावल्या. यंदा कोहळं धरलं नाही तर ते बी कायमचं संपणार होतं.

वेल गच्च फुलले. पण बोराएवढी कोहळी पिवळी पडून गळायला लागली. नजर लागली म्हणून खालांनी वेलाला जुनी चप्पल बांधली, लोबान फिरवला. मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. मी काय केलं? "पाणी जास्त होत असंन," एवढं सांगून त्यांनी पाठवलेली फुलांची भजी खात बसले. रोज सकाळी ताटलीभर यायची, गरमागरम.

पंधरा दिवसांनी एका सकाळी रिकामी ताटली परत द्यायला गेले, तर खाला फुलं तोडत होत्या. निवडून निवडून.

"हे कायले तोडता, खाला?"

"वांझ हायेत, बेटी. पाह्य ना, खाली कोहळंच नाही. फुकट वेलाचा जोर खाऊन राह्यले."

मी कपाळावर हात मारला. अकरा वर्षं फळ्यावर नर फूल, मादी फूल काढतेय, आणि शेजारच्या परसातले सगळे नर बेसनात तळून मीच पोटात घातले होते. खालांना समजावलं, ज्या फुलाखाली इवलं कोहळं असतं ती मादी; या नराचा पराग तिला मिळाला तरच ते वाढतं, नाहीतर गळतं. त्यांना काही पटेना.

"इतकी वर्षं तोडून राह्यली मी. तवा कोहळे कसे लागत होते?"

तेव्हा परसभर वेल असायचे. तोडताना नजरेतून सुटलेली दोन-चार फुलंसुद्धा माश्यांना पुरायची. आता वेल चार, आणि मधमाशी तर औषधालाही दिसत नव्हती. परसाला लागूनच आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. माझा नवरा कपिल दर आठ दिवसांनी त्यात दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारायचा. अळी सोडून बाकी सगळं मरत होतं. घरी मी त्यावरून डोकं फोडलं, तर हा म्हणतो, "मंग तुह्या माश्यांसाठी पऱ्हाटी सोडून देऊ काय?"

खालांनी निदान फुलं तोडणं थांबवलं होतं. शेवटी मीच उजाडताच जाऊन नराच्या पाकळ्या सोलायची आणि त्याचा पराग मादी फुलाच्या मधोमध टेकवायची. चिडचिड नुसती. माश्यांचं काम माणसानं करायचं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. सहा कोहळी तरीही गळाली. हंगाम सरता सरता एक धरलं.

थंडीत ते पिकलं. खालांनी कापलं तेव्हा आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. बिया टपोऱ्या, भरलेल्या होत्या. वाळवल्यावर त्यातल्या अर्ध्या खालांनी रुमालात बांधल्या आणि कपिलला बोलावून त्याच्या हातात दिल्या. माझा जीव जळाला.

"याले कायले देता, खाला? फवारून तं हाच राह्यला ना?"

"म्हणूनच देऊन राह्यली," त्या म्हणाल्या आणि कपिलकडे वळल्या. "तुह्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर लाव, बाबू. आता कोहळं धराले माश्या तुलेबी लागतीन."