मल्होत्राचा एसी आणि माझं निळं इंजिन

रागाच्या भरात माणूस काय काय करून बसतो हे जाणून घ्यायचं असेल, तर इकडेतिकडे कशाला जाता, मलाच विचारा. चहा घ्या, सांगतो. फक्त मध्येच हसू नका. त्या रविवारचा राग माझ्या डोक्यातून अजून पुरता गेलेला नाही, आणि समोरचा हसला की तो परत चढतो.

आम्ही तेव्हा दिल्लीतच सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून द्वारकेच्या नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. मेट्रो अजून यायची होती. चहूकडे रिकामे प्लॉट, डोक्यावर विमानं आणि घरभर धूळ. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहावं इतकी. पण जो तो खुशीत होता, कारण प्रत्येकाच्या घरात काहीतरी नवं येत होतं. कुणाकडे मोठा टीव्ही, कुणाकडे मोबाइल, तर आमच्या डोक्यावर राहणाऱ्या मल्होत्राकडे एसी.

आणि माझ्याकडे इंजिन.

खेळणं म्हणू नका हं त्याला. माझा मेहुणा जहाजावर नोकरीला, त्याने ते जर्मनीहून आणलं होतं. तळहातावर मावेल एवढं निळं डिझेल इंजिन, पण खिडक्या, पायऱ्या, भोंगा, सगळं हुबेहूब. मागे डबे. मी एका मोठ्या प्लायवूडवर रूळ पक्के केले, सिग्नल उभे केले आणि ती फळी पाहुण्यांच्या खोलीत मांडली.

"पाहुणे आले की त्यांना प्लॅटफॉर्मवर झोपवायचं का?" शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं होतं. काही प्रश्नांना उत्तर देऊन आपणच लहान होतो.

हे इंजिन नावाला डिझेल, चालतं विजेवर. भिंतीतल्या प्लगमधली वीज आधी कंट्रोलरच्या डब्यात येते, तिथून रुळांत, रुळांतून चाकांत आणि चाकांतून आतल्या मोटरीत. घरी येईल त्याला मी हे समजावून सांगत असे. म्हणजे बघा, मला सगळं माहीत होतं. हेच तर दुखतंय.

पहिले काही महिने गाडी झोकात धावली. मग उन्हाळा सुरू झाला, आँधी आली, धुळीचा थर बसला आणि इंजिन कुरकुरायला लागलं. मी म्हटलं, तेल हवं. शिलाई मशीनचं तेल आणलं, इंजिनाच्या दातेरी चाकांना एक थेंब दिला. ठीक झालं. इथे थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण मला वाटलं, इंजिनाला तेल दिल्यावर एवढा फरक पडतो, तर रुळांना का नको? मी कापसाचा बोळा बुडवला आणि रूळ आरशासारखे चमकवले.

त्या संध्याकाळपासून गाडी अडखळायला लागली. दोन पावलं जायची, थबकायची, पुन्हा झटका देऊन निघायची. आणि अगदी त्याच वेळी वरचा मल्होत्रा दुकानातून घरी यायचा, एसी लावायचा आणि आमच्या खोलीतला बल्ब पिवळा पडायचा.

आता तुम्हीच सांगा, बल्ब डोळ्यांदेखत मंद होतो, एसी डोक्यावर घरघरतो आणि गाडी थांबते. कोणाचंही डोकं कुठे जाईल?

"तो माणूस अख्ख्या ब्लॉकची वीज एकटा पितोय," मी शैलाला म्हणायचो.

"अहो, पण आपला पंखा तर नीट चालतोय," ती म्हणायची.

"पंख्याला काय कळतंय?" असं म्हणून मी रुळांना आणखी तेल द्यायचो. गाडीला विजेची मदत नाही, निदान तेलाची तरी असू दे.

मग तो रविवार. आमच्या ऑफिसातला गायकवाड बायकोला घेऊन जेवायला आला होता. आठवडाभर मी त्याला या गाडीबद्दल सांगून सांगून पकवलं होतं. जेवणं झाली, मी सगळ्यांना खोलीत नेलं, पडदे सारले, दिवा लावला आणि कंट्रोलरचं बटण फिरवलं. इंजिन जरासं हललं आणि थांबलं. पुन्हा फिरवलं. नुसतं गुरगुरलं.

"लेट दिसतेय गाडी," गायकवाड म्हणाला.

तेवढ्यात वर एसी सुरू झाला आणि बल्ब पिवळा पडला. बस्स. माझं डोकं फिरलं. मी चपलाही न घालता तडक वर गेलो आणि मल्होत्राच्या दाराची घंटी दाबून धरली.

मल्होत्रा बनियनवर बाहेर आला. मागून त्याच्या म्हाताऱ्या आई, बीजी, डोकावल्या.

"आपके एसी की वजह से मेरी ट्रेन रुक गई है," मी म्हणालो.

"कौन सी ट्रेन? स्टेशन जाना है आपको?" तो गांगरून म्हणाला. "मैं गाड़ी निकालूँ?"

बघा, माणूस मदत करायला निघाला होता. पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत होतो का? मी त्याला व्होल्टेज, शेजारधर्म आणि नव्या पैशाचा माज यावर असं काही सुनावलं की त्याचाही पारा चढला.

"ठीक है साल्वे साहब," तो म्हणाला. "एसी बंद करता हूँ. अब चला के दिखाओ."

त्याने एसी बंद केला आणि माझ्यामागून खाली आला. बीजीही भिंतीला धरत धरत आल्या. मी बटण फिरवलं. इंजिन जागचं हललं नाही.

आता इथे शहाणा माणूस काय करेल? माफी मागेल. मी म्हणालो, "फ्रिज भी चल रहा होगा आपका."

मल्होत्रा दात-ओठ खात वर गेला, फ्रिज बंद करून आला. इंजिन ढिम्म. मग मला तळमजल्यावरच्या नायरचा मोठा टीव्ही आठवला. त्या दुपारी क्रिकेटची मॅच चालू होती हे मला माहीत होतं, तरी मी खाली जाऊन त्याला टीव्ही बंद करायला सांगितलं. नायरने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याची किडनी मागतोय. त्याने दार माझ्या तोंडावर लावून घेतलं.

दार तोंडावर लावलं म्हटल्यावर माझा उरलासुरला तोल गेला. म्हटलं, असं काय? जिन्याखाली ब्लॉकचा मेन स्विच होता. मी गेलो आणि सगळी ताकद लावून त्याचा दांडा खाली ओढला. अख्ख्या ब्लॉकचे पंखे, कूलर, टीव्ही, सगळं एका दमात गप्प झालं. काय शांतता पसरली म्हणून सांगू. मला फार बरं वाटलं.

धापा टाकत जिने चढून मी वर आलो. कुठून तरी धडाधड पत्रा वाजवल्याचा आवाज येत होता, पण मला वाटलं लोक निषेध करतायत. करू देत. खोलीत घामाघूम झालेले सगळे उभे होते. पडदा थोडा सरकवून कुणीतरी उजेड केला होता.

"आता कोणाचा एसी नाही, फ्रिज नाही, काही नाही," मी म्हणालो. "आता बघा कशी धावते."

आणि मी बटण फिरवलं.

काही नाही. पुन्हा फिरवलं. शेवटपर्यंत फिरवलं. गुरगुरसुद्धा नाही.

बीजी फळीजवळ सरकल्या. त्यांनी हळूच विचारलं, "पुत्तर, ये बैटरी से चलती है?"

"नहीं बीजी, बिजली से," मी तावातावाने म्हणालो.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "कौन सी बिजली से?"

गायकवाडने तोंड भिंतीकडे वळवलं, त्याचे खांदे हलत होते. शैला छताकडे बघत होती, जिथे आमचाही पंखा थांबलेला होता.

"और ये लिफ्ट में कौन ठोक रहा है?" मल्होत्राने विचारलं.

लिफ्टमध्ये नायर होता. दार लावल्यावर त्याचा राग आवरेना, म्हणून तो मला जाब विचारायला वर निघाला होता. मल्होत्राने धावत जाऊन मेन सुरू केला. नायर बाहेर आला तो ओलाचिंब आणि लालबुंद. मधल्या वेळात मॅचमध्ये दोन विकेट पडल्या होत्या. त्याही माझ्याच खात्यावर जमा झाल्या.

तो बोलत असताना मी मान खाली घालून उभा होतो. तेवढ्यात बीजींनी टेकायला म्हणून फळीच्या कडेला हात ठेवला, तो घसरून रुळांवर गेला. त्यांनी बोटं उजेडात धरून पाहिली.

"हाय रब्बा, इतना तेल? पकौड़े तलने हैं?"

मग शैलाने स्पिरिटची बाटली आणि जुनं मऊ फडकं आणलं आणि रूळ पुसले, इंजिनाची चाकं पुसली. फडक्यावर तेल आणि द्वारकेची धूळ मिळून काळा चिखल निघाला. चाकांना रूळच लागत नव्हता, मध्ये तेलाचा थर. वीज चढणार कुठून? रुळांतून चाकांत, चाकांतून मोटरीत, हे सगळ्यांना शिकवणारा मीच ना?

तिने बटण फिरवलं. गाडी निघाली, वळणावर डौलात झुकली आणि सिग्नल ओलांडून गेली. मल्होत्रा मुद्दाम वर जाऊन एसी पुन्हा लावून आला. एसी चालू, बल्ब पिवळा, आणि गाडी मजेत. नायरसुद्धा दोन फेऱ्या बघत थांबला. मी मल्होत्राची माफी मागितली. तो म्हणाला, "छोड़ो यार, एक बार मुझे चलाने दो." त्याच्या हातात कंट्रोलर दिला तो त्याने संध्याकाळपर्यंत सोडला नाही. त्याचाही मला राग आला, पण बोलणार कोणत्या तोंडाने?

हे सगळं ब्लॉकपुरतं राहिलं असतं तर मी गिळलं असतं. पण गायकवाड होता ना. सोमवारी जेवणाच्या सुट्टीच्या आत अख्ख्या सेक्शनला कळलं होतं.

पुढे एकदा भर दुपारी ऑफिसची लाइट गेली. पंखे थांबले, फायली स्थिर झाल्या. आमचे डायरेक्टर साहेब केबिनमधून बाहेर आले, सरळ माझ्या टेबलापाशी थांबले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "साल्वे, घर पर इस वक्त कौन है?"

"मिसेस हैं, सर."

"ज़रा पूछ लो, ट्रेन तो नहीं चला रहीं?"

सगळा हॉल हसला. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. मी ताडकन उठलो, बाहेर व्हरांड्यात आलो, रागाने लाल झालो होतो.

आणि तिथे उभा राहून मी घरी फोन केला. विचारून घेतलेलं बरं.