बाभळींची कुपाटी

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका तलावावर मी कित्येक वर्षं दर रविवारी जात आले. अमरावतीहून पहाटेची बस, गळ्यात दुर्बीण, डब्यात पोळीभाजी. पाण्यात उभ्या बाभळींवर चित्रबलाक घरटी करायचे. पिवळ्या चोचीचे, शेपटीकडे गुलाबी झाक असलेले मोठे पक्षी. आठवडाभर शाळेत विज्ञान शिकवून जीव उबगला की मी तिथे जायची. तेवढंच एक सुख होतं माझं.

गेल्या वर्षी जानेवारीत पाणी बाभळींपासून मागे सरलं. पिल्लं मोठी झाली होती, पण अजून उडत नव्हती. आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपनं काठाची सफाई मोहीम काढली. बाटल्या, प्लास्टिक पोत्यांत भरता भरता मला दिसलं, की झाडांभोवती कुणीतरी कुपाटी, म्हणजे काट्यांचं कुंपण, घातली आहे. माझं डोकंच सणकलं. म्हटलं, बकऱ्या कोंडायला हीच जागा सापडली का मेल्यांना? एक जण म्हणाला, आधी कुणाला तरी विचारू.

"त्यात विचारायचं काय? काढा सगळं," मी म्हणाले.

काटे ओढून ट्रॉलीत भरले, गावात सरपणाला देऊन टाकले. मग फोटो काढला. त्यात मी मधोमध उभी आहे.

पुढच्या रविवारी गेले तर झाडांखाली पिसंच पिसं. उडायला शिकताना पिल्लं खाली पडतात, हे मी वर्गात शिकवलेलं. पाणी होतं तोवर कुत्री तिथवर येत नव्हती. आता त्यांना अडवायला ना पाणी होतं, ना काटे.

तलावात मासोळ्या धरणारे काका काठावर बसले होते. लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेले होते, आदल्या दिवशीच परतले होते. पक्ष्यांची शीट पाण्यात पडली की मासोळी पोसते, म्हणून पाणी उतरलं की झाडांना काटे घालायचे, ही त्यांच्या बापापासूनची रीत. खाली पडलेलं पिल्लू ते पुन्हा फांदीवर ठेवायचे. इतकी वर्षं मी समोरच्या काठावरून घरटीच पाहिली. दुर्बीण बुंध्याकडे कधी वळवलीच नाही.

"कुपाटी कोनं काढली, मॅडम?"

"मीच काढायला लावली, काका."

"मले इचारलं काहून नाई?"

"तुम्ही गावात नव्हता."

"मंग थांबाचं होतं."

एवढंच बोलले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यंदा एकही चित्रबलाक उतरला नाही. ग्रुपवर कुणी पावसाला दोष देतं, कुणी हवेला. मला ठाऊक आहे ते कुणी घालवले, आणि ते परत येतील असं मला आता वाटत नाही.

परवा गेले तर काका रिकाम्या बाभळींना कुपाटी घालत होते. मी पुढे झाले आणि एक फांदी उचलली. त्यांनी ती माझ्या हातून हळूच काढून घेतली.

"राहू द्या, मॅडम. तुमी नका हात लावू."