चौघांचं जातं

जगात शांतता नांदावी म्हणून दगडवाल्या आजोबांइतका आरडाओरडा करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मुलांनो, तुम्ही त्यांना सुट्टीत पाहिलं आहे. भर उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट, कोटावर दगडाची भुकटी, आणि भुवयांवर तर इतकी की धाकटीला ते गिरणीवाले वाटायचे. ते तुमच्या आजोबांचे शाळेपासूनचे मित्र, खुलताबादच्या पाथरवटाच्या घरात जन्मलेले, शिल्पकार. पन्नास वर्षं छिन्नी-हातोडा चालवून कान मंद झाले आहेत, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कोणालाच येत नसावं असा त्यांचा समज आहे. त्यामुळे "प्रेमानं बोला!" हे वाक्यसुद्धा ते अशा आवाजात म्हणतात की समोरचा दोन पावलं मागे सरकतो.

कुठे भांडण दिसलं की मध्ये पडायचं, ही त्यांची जुनी सवय. एकदा मी त्यांच्याबरोबर रिक्षाने दवाखान्यात निघाले होते. वाटेत दोन मोटारसायकली एकमेकींना घासल्या आणि स्वारांची जुंपली. आजोबा रिक्षा थांबवून उतरलेच. आधी एकाला समजावलं, मग दुसऱ्याला, मग दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून माणुसकीवर बोलू लागले. दहा मिनिटांनी पाहते तो ते दोघे खांद्याला खांदा लावून यांच्यावरच ओरडत होते. "तुम्हाला कोणी बोलावलं हो काका?" हे एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने "बरोबर आहे" म्हणून मान डोलवायची. आजोबा घाम पुसत परत आले आणि समाधानाने म्हणाले, "झाली की नाही दोस्ती, भाभी?" डॉक्टरांची वेळ केव्हाच टळली होती.

त्यांची कलासुद्धा याच कामाला जुंपलेली. बैठकीच्या खोलीत ठेवायची मूर्ती त्यांनी कधी केली नाही. जे करायचं ते रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, आणि शांततेसाठी. चितेगावच्या एका शाळेच्या फाटकावर त्यांची शांतीची दोन कबुतरं आहेत. पोरं त्यांना कोंबड्या म्हणतात. मी हे भीत भीत सांगितलं तर म्हणाले, "म्हणू द्या. कोंबडीनं कधी कोणावर फौज नेली?"

दोन वर्षांपूर्वी आपल्या कोपऱ्यावरच्या चौकात कसल्याशा अफवेवरून दगडफेक झाली. मी तुम्हाला तेव्हा फोनवर "किरकोळ आहे" म्हणाले होते. जखमी फारसं कोणी झालं नाही हे खरं, पण किरकोळ ते नव्हतं. चौकात शिंपी मास्टर आणि किराणावाले अण्णा यांची दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. दोघांच्या दुकानांपुढे मिळून एकच बाकडं होतं आणि सकाळचा चहा एकाच किटलीतून यायचा. त्या दिवसानंतर बाकडं गेलं आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये डोक्याएवढा उंच पत्रा उभा राहिला. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. आजोबा तो पत्रा पाहून थेट आमच्या व्हरांड्यात आले. त्यांचे हात तेव्हाच थरथरू लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की छिन्नी आता बंद करा. ते म्हणाले, "एक शेवटचं काम. त्या चौकात. मग हात गेले तरी चालतील."

परवानगीसाठी महापालिकेला अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण समास सोडून, मुद्द्यांना क्रमांक घालून अर्ज लिहिणारं त्यांच्या ओळखीत दुसरं कोणी नाही. अर्जात एक रकाना होता, 'पुतळा कोणाचा?' मी विचारलं, "काय लिहू?" ते म्हणाले, "कोणाचाच नाही." मी तसं लिहिलं. अर्ज परत आला. शेरा होता, 'नाव पूर्ण लिहावे.'

कोणाचाच नसलेला पुतळा करणं मात्र फार अवघड निघालं. चहा पिणारी दोन माणसं करायची असं ठरलं होतं. त्यांनी मातीत नमुना केला. जो येई तो बघून पहिलं हेच ओळखायला बसे, यातला कोण आपला आणि कोण त्यांचा. एकाच्या डोक्यावर टोपी होती, ती काढली. मग लोक दाढीवरून सांगू लागले. दाढी गेली, पाठोपाठ मिशी. मग कोणी म्हणालं, पायजम्याची लांबी पाहा. दुसरा म्हणाला, सदऱ्याची बटणं पाहा. महिनाभर आजोबा एकेक खूण खरवडून काढत होते. शेवटी एके दिवशी त्यांनी मला पाहायला बोलावलं, तेव्हा दोन तुळतुळीत, उघडी माणसं कपबशा घेऊन बसली होती. त्यांच्या बेगम दारातूनच म्हणाल्या, "हे तर न्हाणीघरातून पाणी गेल्यामुळे बाहेर आलेत!" मला हसू आवरेना. आजोबांनी आमच्या दोघींकडे पाहिलं, आणि दोन्ही माणसं बुक्क्या मारून परत मातीचा गोळा केली.

आठवडाभर ते आले नाहीत. आले ते दारातूनच ओरडत, "भाभी, जातं!" त्यांचे वडील पाटे-वरवंटे आणि जाती घडवायचे. पार सिल्लोडपर्यंत गावागावात त्यांचं गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक आलं की वडील एकच प्रश्न विचारायचे, घरात खाणारी तोंडं किती? त्यावरून जात्याचा आकार ठरायचा. बाकी काही विचारायची त्यांना गरज पडली नाही. "आणि जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या," आजोबा म्हणाले. "खुंटा एक. हिनं ओढला की तिनं सोडायचा, तिनं ओढला की हिनं. भांडून दळता येतच नाही!" चौकात काळ्या दगडाचं मोठं जातं बसवायचं, आणि दोघांनी मिळून ओढल्याशिवाय ते फिरता कामा नये, असं ठरलं. मी नवा अर्ज केला. 'पुतळा कोणाचा' या रकान्यात 'पुतळा नाही, जाते' असं लिहिलं.

यावर कचेरीतून साहेब स्वतः आले. म्हणाले, शेजारच्या दोन्ही दुकानदारांची हरकत नाही असं लेखी हवं. मास्टर म्हणाले, "पहले वो साइन करें." अण्णा म्हणाले, "त्यानं आधी करावी, मग माझी घ्या." आजोबांनी पत्र्याच्या या बाजूकडून त्या बाजूकडे इतक्या फेऱ्या घातल्या की त्यांचे गुडघे सुजले. अखेर साहेब कंटाळून म्हणाले, "एक दिवस ठेवून दाखवा. संध्याकाळपर्यंत दोघांच्या सह्या आल्या तर ठीक. नाहीतर मला ते उचलावं लागेल."

ठरलेल्या दिवशी सकाळी टेम्पोतून जातं आलं. उतरवायला सात माणसं लागली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सगळा चौक जमला. आजोबांनी जात्याच्या तोंडात मूठभर मका टाकला आणि मला समोर बसवलं. खुंटा धरून आम्ही जोर लावला. जातं हललं नाही. पुन्हा लावला. माझ्या बांगड्या वाजल्या, बाकी काही नाही.

"किती जाड केलंय हे?" मी विचारलं.

"लोकांनी पळवू नये म्हणून दोन बोटं वाढवलं."

"दोन बोटं?"

"वीतभर," ते म्हणाले आणि खाली बघू लागले.

लोक हसायला लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी आजोबांकडे पाहूच शकले नाही. तेवढ्यात मास्टर गळ्यात टेप अडकवलेले तसेच पायरी उतरून आले. "चचा, चक्की बनाए कि पहाड़?" म्हणत त्यांनी बैठक मारली आणि खुंट्यावर हात ठेवला. तिघांनी ओढल्यावर जातं इंचभर सरकलं आणि अडलं.

पत्र्यापलीकडून अण्णांचा आवाज आला, "अहो, असं नाय. आधी उलटं घ्या थोडं, मग ओढा."

मास्टर कोणाकडेही न बघता म्हणाले, "दूर से बोलना लई आसान है."

"आसान कोण म्हणलं? सरका बाजूला." अण्णा पत्र्याला वळसा घालून आले. धोतर सावरून बसले आणि मास्टरांच्या हातावर, म्हणजे खुंट्याला तेवढीच जागा उरली होती म्हणून, त्यांनी आपला हात ठेवला.

जातं फिरलं. असा घरघराट झाला की झाडावरचे पक्षी उडाले. कडेनं पिवळी भरड पडू लागली. अण्णांनी ती चिमटीत धरून पाहिली, धंद्याची सवय. "लई जाडी आली."

"पहली बार में मैदा निकलेगा क्या, अण्णा?"

त्या दगडफेकीनंतर मास्टरांनी पहिल्यांदा त्यांना हाक मारली होती. चौकातल्या प्रत्येकाने ती ऐकली आणि ऐकली नाही असं दाखवलं. सह्या झाल्या. कोणाची आधी झाली ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

पत्रा अजून तिथेच आहे, हे तुम्हाला सांगायला हवं. पण अण्णा दिवसातून दोनदा तरी त्याला वळसा घालतात. आजोबांना मात्र आपली चूक लागून राहिली आहे. "दोघांचं करायचं होतं, भाभी, चौघांचं होऊन बसलं. थोडं तासून पातळ केलं तर?" पण तासायला आता त्यांचे हात चालत नाहीत. मी म्हणते, राहू द्या, इतक्या मोठ्या शहराला दोघं पुरणार नव्हतेच.

रोज सकाळी मी फिरून येताना तिथे थांबते. ते आधीच येऊन बसलेले असतात, पदरचा मका घेऊन. त्यांचे हात आता खुंट्यावर नुसते टेकलेले असतात, ओढायचं काम इतरांचं. आम्ही दोघं मिळून काहीच करू शकत नाही, म्हणून वाट पाहतो. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. कधी ऊन पायांपर्यंत येतं आणि मला वाटतं, आज काही कोणी थांबत नाही. मग भाजी घेऊन निघालेलं कोणीतरी पिशवी खाली ठेवतं, चपला काढतं आणि विचारतं, "कुठं धरायचं?"