गुड समॅरिटनची फ्रेम

इंग्रजीच्या पेपरात वाक्प्रचारांना चार मार्क असतात. ते चार मार्क पोरांच्या पदरात पडावेत म्हणून गेली तेवीस वर्षं मी पेणच्या शाळेत घसा कोरडा करते आहे. वाक्प्रचार, समोर अर्थ, खाली एक वाक्य. तो वाक्प्रचार आला कुठून, हे मी कधी कुणाला विचारलं नाही आणि मलाही कुणी विचारलं नाही. एकदा खाडीकाठच्या एका मुलीने पेपरात लिहिलं होतं की आमचे काका 'सॉल्ट ऑफ द अर्थ' आहेत, त्यांनी बांध फोडल्यापासून आमच्या शेतात भात होत नाही. मी लाल पेनाने काट मारली आणि शिक्षकांच्या खोलीत तो पेपर वाचून सगळ्यांना हसवलं. खारं पाणी शिरलं की जमीन हातची जाते, एवढं त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं. मातीतलं मीठ म्हणजे भला माणूस कसा, हे तिने विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. मी आपला पुस्तकातला अर्थ पुन्हा फळ्यावर लिहिला.

असो. मला सांगायचं आहे ते दुसऱ्याच एका शब्दाबद्दल. त्यात मी स्वतःच तोंडावर पडले आहे, की पडलेली नाही, हे अजून नीट कळलेलं नाही.

गेल्या वर्षी परीक्षेच्या ड्यूटीवरून परत येताना जिते गावाजवळ माझी स्कूटी खडीवरून घसरली. मनगट मोडलं, कपाळ फुटलं. भर दुपारी मी रस्त्याच्या कडेला बसून होते. एक गाडी थांबली. आत आमच्याच नात्यातले एक गृहस्थ. काच खाली करून म्हणाले, "वहिनी, ॲम्ब्युलन्सला फोन करतो हं," आणि गेले. त्यांची मीटिंग होती म्हणे. दुसऱ्या गाडीने नुसता वेग कमी केला. मग मिठाच्या गोण्या भरलेला एक टेम्पो आला. चालवणारे साठीचे, अंगात मळका बनियन, हातापायांना मिठाने पडलेल्या भेगा.

"बाई, उठता येल का?" एवढंच विचारून त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं, पेणला दवाखान्यात आणलं, आणि माझे यजमान रोह्याहून कंपनीतली शिफ्ट सोडून येईपर्यंत बाकावर बसून राहिले. यजमान आले तसे उठले आणि गोण्या पोचवायला निघून गेले. त्यांचे वडील पूर्वी आमच्या सासऱ्यांच्या मिठागरावर कामाला होते, हे आम्हाला नंतर कळलं.

उपकार झाले की सत्कार करायचा, ही आमची रीत. प्लास्टर निघाल्यावर शाळेच्या एका समारंभात मी त्यांना बोलावून घेतलं. शाल, श्रीफळ आणि मानपत्राची फ्रेम. मराठी मानपत्रं काय, गल्लोगल्ली देतात. मी इंग्रजीत लिहिलं, सोनेरी अक्षरांत छापून घेतलं आणि वर मोठ्या टायपात घातलं : 'गुड समॅरिटन'. टाळ्या वाजल्या. ते फ्रेम उलटसुलट बघून म्हणाले, "काय लिवलाय, बाई?" मी म्हटलं, "भला माणूस." ते हसले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. एक काम नीट उरकल्यासारखं.

पुढे दिवाळीनंतर मी माझ्या जुन्या इंग्रजीच्या बाईंना भेटायला गेले. त्या रोह्याजवळ वरसेला राहतात, ख्रिश्चन आहेत, ऐंशी ओलांडली तरी चष्मा कपाळावर आणि जीभ तिखट. मी कौतुकाने मोबाइलवर सत्काराचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून वाचला आणि विचारलं, "हे तू लिहिलंस? तुला ती गोष्ट माहिती आहे का?"

मला कुठली गोष्ट माहीत असणार? मला अर्थ माहीत होता.

"एका वाटसरूला चोरांनी मारून रस्त्यात टाकलं," बाई सांगू लागल्या. "देवळातला पुजारी आला, बघून पलीकडून निघून गेला. दुसरा आला, तोही देवळाच्याच कामातला. तोही गेला. तिसरा थांबला. त्याने जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेलं. तो तिसरा समॅरिटन. ऐकायला बसलेले लोक समॅरिटनांना हलके समजायचे, त्यांच्याशी उठबस नव्हती. येशूने मुद्दाम त्यालाच गोष्टीत आणलं, ऐकणाऱ्यांना झोंबावं म्हणून."

"म्हणजे मी त्यांना..."

"म्हणजे तू लिहिलंस, की या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती."

मी गोंधळून गेले. म्हटलं, बाई, दवाखान्याच्या भिंतीवर सरकारी बोर्ड आहे, अपघातातल्या माणसाला जो कुणी आणतो तो गुड समॅरिटन. सगळं जग हेच म्हणतं. बाईंनी चष्मा पुसला. "शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात गं. आता त्याचा अर्थ भला माणूस एवढाच उरलाय. तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. नाही चुकलं असंही म्हणवत नाही." विद्यार्थ्याला असं अधांतरी सोडण्याची त्यांची सवय मला शाळेतही आवडायची नाही.

परतीच्या मेमू गाडीत माझं डोकं भणभणत होतं. टेम्पोवाल्या काकांना इंग्रजी येत नाही, मग अपमान झाला कसा? पण उद्या त्यांच्या नातवंडांपैकी कुणी ही गोष्ट वाचली आणि घरात सांगितली तर? आणि एक गोष्ट होती जी मी यजमानांनाही सांगितली नव्हती. त्या दिवशी टेम्पोत बसल्यावर, त्या हातांकडे आणि बनियनकडे बघून, मी पर्स कोपराने पोटाशी घट्ट धरली होती आणि चांगल्या हाताने मंगळसूत्र ओढणीखाली सारलं होतं. पेण येईपर्यंत माझा हात गळ्यावरून हलला नाही. त्यांना ते दिसलं असणारच. मग मी लिहिला तो शब्द चुकीचा होता, की माझ्या मनात होतं तेच नेमकं माझ्या हातून सोनेरी अक्षरांत छापलं गेलं? मला लाज वाटली. आणि लाज वाटते म्हणून बाईंचा रागही आला.

यजमान म्हणाले, "कशाला उकरून काढतेस? त्यांना आवडलंय ना?" आठवडाभर मी तेच घोकलं. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना ते कळण्याआधी ती फ्रेम तिथून निघायला हवी, हे काही मनातून जाईना. शेवटी साध्या मराठीत नवं मानपत्र करून घेतलं आणि रविवारी सकाळी पेणच्या रामवाडीहून रिक्षा करून त्यांचं घर शोधत गेले.

ते अंगणात जाळं सारखं करत बसले होते. दारातूनच समोरच्या भिंतीवर फ्रेम दिसत होती, वर प्लास्टिकच्या फुलांचा हार. मी म्हटलं, "काका, त्यात एक शब्द चुकलाय. ही नवी लावा, ती मी घेऊन जाते."

"ऱ्हाऊ द्या ती. पोरांना आवडते," ते म्हणाले. "काय चुकलाय पन?"

खोटं बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण मी उभ्या उभ्या ती गोष्ट सांगितली. चोर, पुजारी, दुसरा माणूस, आणि तो तिसरा. म्हटलं, त्या लोकांना बाकीचे लांब ठेवायचे.

"म्हंजे आमच्यावानी," ते सहज म्हणाले.

टेम्पोतल्या पर्सचं सांगावं म्हणून मी आले होते की काय, हे मला कळेना. माफी मागावी तर कशाची, हे सांगावं लागलं असतं. त्यांनी जाळं खाली ठेवलं. त्यांना माझ्या चुकीत रस नव्हता, गोष्टीत होता.

"आनि तो मार खाल्लेला मानूस? बरा झाल्यावर गेला का त्या तिसऱ्याचे घरी? भेटाया?"

मी आठवून पाहिलं. बाईंनी तेवढं सांगितलं नव्हतं. "गोष्टीत तसं काही नाही, काका."

"म्हंजे नसंल गेला," ते म्हणाले, आणि आत वळून बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

अपघाताला दहा महिने होऊन गेले होते. मी त्यांच्या दारात पहिल्यांदाच आले होते, आणि तेही दिलेली फ्रेम परत न्यायला.