पान बंद करताना

वस्तूकडे जे असतं तो गुणधर्म, वस्तू जे करते ती पद्धत आणि वस्तूच्या बाबतीत जे घडतं ती घटना. अमरावतीच्या ज्या क्लासात मी ब्राउझरचं स्क्रिप्टिंग शिकले, तिथल्या सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर एवढंच लिहिलं आणि म्हणाले, हे डोक्यात शिरलं तर उरलेलं पुस्तक रद्दीत घाला. वर्गात निम्मे जण मराठी शाळेतले, म्हणून सर मुद्दाम मराठी शब्द वापरत. पण 'घटना' म्हटलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. त्या वर्षांत आमच्याकडे या शब्दाला एकच अर्थ उरला होता, शेतकऱ्यानं जीव देणं. अमक्या गावात घटना झाली, असं कुणी एसटीत म्हणालं की कशी, काय, हे कुणी विचारत नसे. सरांच्या ते ध्यानात आलं तेव्हा त्यांनी मुकाट्यानं फळा पुसला आणि दुसऱ्या दिवसापासून ते 'इव्हेंट' म्हणायला लागले.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. अवेळी फोन वाजला तर मी तो दुसऱ्याला उचलायला लावते. घरात यावरून माझी भरपूर चेष्टा झाली आहे. पण वेबपान बनवणाऱ्याला भित्रेपणा फार उपयोगी पडतो. माणूस चुकीचं बटण दाबेल, लिहायचं खोकं रिकामंच पाठवेल, मध्येच वीज जाईल, अशा सगळ्या वाईट शक्यता आधीच मनात आणायच्या आणि प्रत्येकीपुढे एकेक ओळ लिहून ठेवायची, हेच तर ते काम. मला त्याचा पगार मिळायला लागला, तेव्हा चेष्टा करणारे थोडे गप्प झाले.

नोकरी अमरावतीतच मिळाली, एका लहानशा कचेरीत. शेतकऱ्यांनी प्रश्न विचारायचे आणि तज्ज्ञांनी उत्तरं द्यायची, असं एक पान आम्ही चालवत होतो. गावोगावी केंद्रं होती, आणि केंद्र म्हणजे कुणाचं तरी झेरॉक्सचं दुकान आणि त्यात एक संगणक. तेल्हाऱ्याचं केंद्र माझ्या मोठ्या भावाचं होतं, ते मीच मिळवून दिलं होतं. शेतकरी येऊन खुर्चीत बसत, बोलत, आणि दादा टाइप करत असे. 'बोंडअळी आली, काय फवारू' इथपासून 'पोरीचं लग्न मोडलं, आता काय करू' इथपर्यंत काहीही. तज्ज्ञाचं उत्तर आलं की दादा त्याची प्रत काढायचा आणि माणूस दुकानात फिरकला नाही तर मोटरसायकलनं त्याच्या गावी नेऊन द्यायचा. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिकडे भारनियमन असं की अर्धा प्रश्न लिहून व्हावा आणि वीज जावी. शेतकरी पुन्हा तेच सांगायला कंटाळायचा, काही जण उठून निघूनच जायचे. म्हणून मी पानात कान बसवले. बोट कळीवरून उठलं की ऑन-की-अप हा इव्हेंट होतो. तो झाला की सेट-टाइमआउटचा गजर लावायचा, आणि थोडा वेळ पुढची कळ दाबली गेली नाही तर खोक्याची व्हॅल्यू, म्हणजे तोवरचा मजकूर, गुपचूप अमरावतीला पाठवून द्यायचा. 'पाठवा' बटण दाबलं नाही तरी अर्धामुर्धा मजकूर आमच्याकडे शाबूत राहायचा. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्या भरात मी आणखी एक केलं. कुणी पान बंद करायला गेलं की ऑन-बिफोर-अनलोड हा इव्हेंट होतो, निघण्याच्या जरा आधीचा. त्यात मी एक वाक्य लिहून दिलं, ते ब्राउझर लहानशा खिडकीत दाखवायचा. वाक्य होतं, 'तुम्ही खरंच जाताय का?' ओके दाबलं तर पान बंद होई आणि जाता जाता आमच्याकडे नोंद पाठवी. रद्द केलं तर पान होतं तिथेच राही. माझ्या पडद्यावर केंद्रांची नावं होती आणि प्रत्येकापुढे एक शब्द. पान चालू असेल तर 'उघडं', ओके दाबून बंद केलं असेल तर 'गेले'.

पान सुरू झालं त्याच दिवशी दादाचा फोन आला.

"काय वं, हे काय लिहून ठेवलं तू? असं विचारतेत का मानसाले?"

"काय झालं?"

"जाता का म्हनून विचारते तुहं पान! दुकानात मानसं बसले हायेत. एक मानूस तर उठूनच उभा झाला."

आमच्या घरात 'जातो' हा शब्द नाही. दारातून निघताना 'येतो' म्हणायचं. चुकून 'जातो' निघालं तर आई पुन्हा आत बोलवून, पाटावर बसवून, हातावर साखर ठेवून नव्यानं निघायला लावायची. कशाला, दूध आणायला. मी हसले, म्हणाले, दादा, हे यंत्र आहे. तो म्हणाला, "यंत्र तुहं असन. मी ओके दाबनार नाई." आणि त्यानं खरोखरच ते कधी दाबलं नाही. संध्याकाळी रद्द करायचा आणि सरळ वीज बंद करायचा. त्यामुळे माझ्या पडद्यावर तेल्हाऱ्यापुढे कायम 'उघडं' असायचं. साहेब म्हणायचे, तुमचा भाऊ झोपतो की नाही?

ती दुपार दिवाळीच्या आधीची होती. मी कुठल्यातरी केंद्रातल्या अक्षरांचा घोळ निस्तरत होते आणि सहज वर पाहिलं. तेल्हाऱ्यापुढे 'गेले' असं होतं.

तो शब्द मीच लिहिला होता. इतर केंद्रांपुढे रोज दिसायचा, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या नावापुढे तो पाहिला आणि मी अक्षरांचा घोळ तसाच टाकला. मनाला म्हटलं, दुसऱ्या कुणी दाबलं असेल. मग तेल्हाऱ्याचा अर्धामुर्धा मजकूर उघडला. त्यात शेतकऱ्याचा प्रश्न नव्हता. लिहिलं होतं, 'आता जातो. राहिलेली उत्तरं आली की ज्याची त्याला पोचती करावीत.' त्याच्या पुढची नोंद रिकामी होती, म्हणजे लिहून पुसलेलं. आणि त्यानंतर ओके.

दुकानाचा फोन वाजत राहिला. मोबाइल लागेना. घरी वहिनीला करायला नंबर फिरवला आणि अर्ध्यात ठेवून दिला. काय विचारणार होते? साहेबांना म्हटलं, घरी जाऊन येते. तेवढ्या घाईतही 'जाऊन येते' म्हणाले, हे मला आठवतं.

अमरावतीहून अकोल्याची एसटी मिळाली, अकोल्याहून अकोटची, आणि अकोटहून तेल्हाऱ्याची मिळेपर्यंत उन्हं उतरली होती. मला त्या प्रवासातलं रस्त्याबिस्त्याचं काहीही आठवत नाही. फक्त भीती आठवते. डोकं मात्र नको तितकं चालू होतं. स्क्रिप्ट चुकलं असेल, दुसऱ्याच केंद्राची नोंद तेल्हाऱ्यावर पडली असेल, असं मी स्वतःला ओळीओळीनं समजावत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच कामात चूक निघावी म्हणून मी देवाला हात जोडले. पण चूक नव्हती, हे मला माहीत होतं. उत्तरं पोचती करण्याची काळजी त्या अख्ख्या तालुक्यात एकाच माणसाला होती.

शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कोनाकडे चालली वं पोरी? रडून कावून राहिली?" मी म्हटलं, भावाकडे. तिनं पुढे काहीच विचारलं नाही, माझा हात धरून बसली. तिनं तसं धरलं त्यानं मी जास्तच घाबरले.

दुकानाचं शटर ओढलेलं होतं. घरी वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली.

"अय माय, ताई! फोन तं करा लागत होता."

"दादा कुठंय?"

"ते हिवरखेडले गेले. कोनाचं तं उत्तर द्याचं होतं म्हने. आता येतीन. च्या मांडू?"

तिला काही माहीत नव्हतं. पोटुशी बाई, तिला काय सांगायचं? मी चहा प्यायले. तांदूळ पुढ्यात ओढून निवडायला लागले. वहिनी अमरावतीतल्या साड्यांचे भाव विचारत होती आणि मी काहीतरी सांगत होते. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की माझं बोट तांदळात थांबायचं. दोन-तीन तशाच पुढे निघून गेल्या. वहिनी म्हणाली, "ताई, तुमी खडे ठेऊन तांदूळ फेकून राहिल्या." आणि हसली. मीही हसले, ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दिवेलागणीला तो आला. गाडी लावली, चपला काढल्या, मला पाहिलं आणि चेहरा उतरला. "तू कावून आली?" म्हणाला. वहिनी पाणी आणायला आत गेली तेव्हा मी एवढंच म्हटलं, "दादा, तू ओके दाबलंस."

तो आधी म्हणाला, कुणी शेतकऱ्यानं सांगितलं असन ते लिहिलं मी. मग म्हणाला, पुसलं होतं नं. मी म्हटलं, पुसलेलं मला दिसतं. तो खाली बसला, ओट्याच्या पायरीवर, आणि बराच वेळ नखानं नख खरवडत राहिला.

मग जे बोलला ते सलग नव्हतं. पावसाळ्यात एका माणसाचा प्रश्न त्यानं लिहिला होता. माणूस दुकानात बसून रडला होता, दादानं त्याला चहा पाजला होता आणि सांगितलं होतं, उत्तर येईन, थांब. उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा दादा प्रत खिशात घालून त्याच्या घरी गेला, तर दारात मांडव आणि तेरवीच्या पंगती. खिशातल्या कागदावर लिहिलं होतं, प्रश्न अधिक स्पष्ट करून पुन्हा पाठवावा.

"जेवाले बसवलं त्याइनं मले," दादा म्हणाला. "जेवलो मी. कागद खिशातच. तवापासून कोनी खुर्चीवर बसलं का मले भेव लागते. याचंई उत्तर उशिरा येईन, असंच वाटते. लोक सांगून मोकये होतेत, मी लिवतो. लिवून लिवून सगयं माह्यातच साचून राह्यलं वं. आज वाटलं, निघावं. हिवरखेडचं एकच राह्यलं होतं द्याचं."

"मग?"

"त्या घरी लेकरानं पानी देल्लं. म्हने, काका, उद्या येजा, आमची म्हैस दाखवतो." मग म्हणाला, "आता उद्या जा लागते नं म्हैस पाहाले."

मी रडले नाही. मला राग आला, इतका की तिथेच त्याला बदडावं. म्हशीनं वाचवलं तुला, आणि आम्ही कोण? हे मी मोठ्यानं म्हणाले. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. मग तिलाही सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही हिवरखेडला गेलो. म्हैस त्यानं पाहिली, मी आणि वहिनी तिथल्या एका दुकानापाशी थांबलो होतो. तिथून मी दोघांना अकोल्याला नेलं, मनाच्या डॉक्टरांकडे. गोळ्या सुरू झाल्या, फेऱ्या सुरू झाल्या. लोकांनी नावं ठेवली, ठेवू देत. एकदा वाटलं बरा झाला, मग पुन्हा आठवडाभर अंथरुणातून उठला नाही. बाळ झालं तेव्हा हसला, पण त्याला कडेवर घ्यायला त्याला वेळ लागला. खुर्चीपुढे बसून लिहिण्याचं काम त्यानं एका पदवीधर मुलीला दिलं आणि झेरॉक्स तेवढं स्वतःकडे ठेवलं.

पानातली ती ओळ मी काढून टाकणार होते. तोच नको म्हणाला. "विचारू दे. पन धड विचारू दे." मग मी वाक्य बदललं, 'परत येता ना?' 'गेले'च्या जागी 'येतो म्हणाले' लिहिलं. साहेब म्हणाले, हे काय, फार लांब होतं, रकान्यात बसत नाही. मी रकाना रुंद केला.

त्यानंतर रोज संध्याकाळी दुकान बंद करताना पानही तोच बंद करायचा. तेल्हाऱ्यापुढे 'येतो म्हणाले' दिसेपर्यंत मी कचेरीतून हलायची नाही. भारनियमन असलं की नोंद यायची नाही, आणि मी तिथे बसून नखं खायची.

ते पान बंद पडून आता पुष्कळ वर्षं झाली. ब्राउझरही बदलले, त्या खिडकीत आपलं वाक्य आता लिहिताच येत नाही, ब्राउझर स्वतःचंच दाखवतो. दादाचा मुलगा माझ्याहून उंच झाला. भीती मात्र गेली नाही, आणि ती जाईल असं आता वाटतही नाही. परवा दादाचा फोन आला होता. कापूस, पाऊस, मुलाचं कॉलेज, सगळं बोलून झालं आणि तो म्हणाला, "बरं, ठेवतो." फोन बंद झाला.

मी लगेच परत लावला.

"काय झालं वं?" तो म्हणाला.

"म्हण."

मग तो म्हणाला, "येतो वं माय, येतो." आणि त्यानं आधी मला फोन ठेवू दिला.