नट बसला

गॅरेजात एक डबा असतोच. गाड्यांचे निघालेले नट-बोल्ट त्यात पडत राहतात, फेकत कोणी नाही, आणि एक दिवस तो डबा उचलता उचलत नाही. आमच्या नटचे किस्से तसेच साठले आहेत. नट म्हणजे आमचं कुत्र्याचं पिल्लू. सौंसरला बसस्टँडसमोर आमचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. दादाने त्याला तिथे आणलं, नावही त्यानेच ठेवलं.

दादा उन्हाळ्यात काविळीने गेला. मी अजूनही दोन चहा सांगतो. चहावालाही दोन आणतो.

*

दादा मोबाईलवर पाहून नटला शिकवायचा. नियम एकच, मारायचं नाही. ऐकलं की लगेच एक फुटाणा, नाही ऐकलं तर काही नाही. फुटाणा नाकासमोरून डोक्यावर नेला की नटची मान वर जायची आणि बूड आपोआप खाली टेकायचं. त्याच क्षणी दादा म्हणायचा, "बस." आणि फुटाणा तोंडात.

मी म्हटलं, मला तर शाळेत छडीनेच शिकवलं.

"म्हणून त आठवीतून पळाला," दादा म्हणाला. "मास्तरनं फुटाणे देल्ले असते, त दहावी झाला असता लेका!"

*

फक्त शब्द निवडताना दादाचं चुकलं. बसस्टँडसमोर कोणी 'बस' हा शब्द निवडतं का?

एक म्हातारबा सामानाची पिशवी घेऊन गॅरेजात शिरले. छिंदवाड्याची बस गेली का, विचारलं. नट त्यांच्यासमोर बसला. मी कार्बोरेटरमध्ये डोकं घालून होतो. त्यांनी पुन्हा बस विचारली. नट उठून पुन्हा बसला आणि त्यांच्या पिशवीकडे पाहू लागला. तिसऱ्यांदाही तेच.

म्हातारबा मला म्हणाले, "तू त मान बी वर करत नाई. हा बिचारा केव्हाचा सांगून राहिला, बसा म्हणून!"

*

दादा गेल्यावर नट मोकाट सुटला. रस्त्यावर धावायचा, ट्रकखाली येता येता दोनदा वाचला. बाबा गल्ल्यावर बसून पाहायचे. एक दिवस म्हणाले, "पोळ्यापर्यंत ऐकाले लागला त ठेवू. नाईतं रामाकोन्याले."

रामाकोन्याला मामाचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथे राखणीचं कुत्रं दिवसभर साखळीला बांधलेलं असतं. दादाचं जिवंत असं आमच्याकडे एवढं एकच उरलं होतं, आणि ते साखळीला जाणार!

मी दुसऱ्याच दिवसापासून शिकवायला लागलो. पण माझं डोकं गरम. नट रस्त्यावर गेला की ओरडून बोलवायचो, आला की कान धरून झापायचो. आठ दिवसांत तो माझ्या हाकेला यायचाच बंद झाला.

पांढुर्ण्याला गुरांच्या दवाखान्यात त्याला इंजेक्शन द्यायला नेलं तेव्हा तिथल्या कंपाउंडरला हे सांगितलं. त्याने सुई भरता भरता विचारलं, "तुले कोणी झापाले बोलावलं, त तू जाशीन का?"

परत येताना गाडीवर नट माझ्या पोटाशी बांधलेला होता. मी त्याला रस्ताभर सॉरी म्हणत आलो. तेव्हापासून हाक मारायची ती गोड आवाजात, आणि आला की दोन फुटाणे. पाचव्या दिवशी गॅरेजच्या मागून शेपटी हलवत आला. मी तिथेच तेलकट फरशीवर बसून रडलो. त्याने दोन्ही फुटाणे खाल्ले आणि माझा गालही चाटला.

*

आता घरात नवीनच भांडण. फुटाण्यांचा डबा चार दिवसांत संपायचा. आईने मलाच धरलं. मी शपथ घेतली, मी मोजून सात-आठच नेतो.

"मंग उंदरं खिसे शिवून येऊन राहिले का?" आई म्हणाली.

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

*

पोळ्याच्या दिवशी मामा दुपारी आला. हातात साखळी. मी म्हटलं, मामा, तो ऐकतो आता, पाहा. तेवढ्यात सजवलेल्या बैलजोड्या निघाल्या, डफडं वाजलं आणि नट घाबरून रस्त्याकडे सुटला. समोरून ट्रक येत होता. मी गोड आवाज विसरलो, जीव तोडून ओरडलो. तो आणखीच जोरात पळाला.

तेव्हा मागून आवाज आला. मोठा नाही. अगदी दादाच्या सुरात.

"नट, बस."

नट रस्त्याच्या कडेला टेकला. ट्रक धूळ उडवत गेला.

बाबा गल्ल्यावरून उठले, चालत त्याच्याजवळ गेले. नवीन सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मूठभर फुटाणे काढले.

मामा साखळी धरून तसाच उभा. म्हणाला, "मंग भाऊजी, नेऊ का?"

बाबा म्हणाले, "बस. चहा घे."

मामा बाकड्यावर बसला. नट होताच बसलेला. बाबांनी दोघांनाही फुटाणे दिले.