दंडारीनंतरची सकाळ

गावच्या दंडारीत लुगडं नेसून नाचणाऱ्या पोरासाठी तुम्ही टाळ्या वाजवता. सकाळी त्याच्यावर काय गुदरतं, कधी विचारलंत?

काल चामोर्शीच्या बाजारात कासाराकडे काच किणकिणली आणि माझं मनगट ठणकलं. मी असाच दंडारीत नाचलो, तेव्हा शाळेत होतो. नाच संपून सकाळ झाली तरी बांगड्या उतरवल्या नव्हत्या. तळ्याकाठी जाळं झटकणारा बाप गरजला, "दंडार सरली नं? मंग काऊन घालून राह्यला? नवरा पाहू का तुले?"

"मले बऱ्या वाटते, बा."

त्यानं दगडानं मनगटावरच बांगड्या फोडल्या. आदल्या रात्री माझ्या नाचाला सगळ्यांत जोरात शिट्टी त्याचीच होती.

कित्येक वर्षं वाटलं, खोट माझ्यातच आहे. आज सांगतो, माझं मन पुरुषांवरच जडतं आणि त्यात खोट नाही.

यंदा दंडार संपली की त्या पोरासोबत घरापर्यंत जा. बापानं हात उगारला, तर तो धरा.